बंबाच्या खोलीतली चिदोरी

आमच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या वरच्या खोलीत तेत्सुहिको कुराशिना भाड्यानं राहतो. पन्नाशीला टेकला आहे. दिवसा कारखान्यात खेळण्यांचे प्लास्टिकचे भाग तपासतो आणि घरी आला की पुन्हा खेळणीच तपासतो. कारखान्यात पगार मिळतो, घरी वाचक मिळतात, एवढाच काय तो फरक. शिझुओकात अर्धं गाव खेळण्यांवर जगतं, त्यामुळे त्याला कुणी वेडा म्हणत नाही. मी म्हणते, पण मी घरमालकीण आहे.

कार्टून चित्रपटांतल्या पात्रांच्या वीतभर उंचीच्या बाहुल्या असतात, मोठ्या माणसांनी काचेच्या कपाटात ठेवायच्या. त्या कशा जमल्यात, कशा फसल्यात, हे तो संगणकावरून इंटरनेटवर लिहितो. माझी शाळा लवकर सुटली, म्हणून लिहिलेलं तो मला वाचून दाखवतो. मी गल्ल्यावर बसून ऐकते.

"या बाहुल्यांशी तू खेळतोस का रे?" मी एकदा विचारलं.

"नाही आजी. बघतो."

"मी पण तुझ्या आजोबांकडे जन्मभर बघत बसले. मला कुणी लिहायला सांगितलं नाही."

बाकीचे लिहिणारे खोकं उघडलं की त्याच दिवशी लिहून मोकळे होतात. हा बाबा बाहुली अख्खा उन्हाळा कपाटात उभी ठेवतो आणि मगच लिहितो. उन्हाळ्यात हे प्लास्टिक मऊ पडतं आणि एका पायावर उभ्या असलेल्या बाहुल्या हळूहळू कलतात, आमच्याकडे दारू पिऊन आंघोळीला येणाऱ्यांसारख्या. तो बाहुलीशेजारी एक दोरा टांगतो. दोऱ्याच्या टोकाला माझ्या जुन्या कोटाचं बटण. रोज सकाळी डोळा बारीक करून बघतो, बाहुली दोऱ्यापासून किती सरकली. तो 'सरळ आहे' म्हणाला की लोक ती डोळे मिटून विकत घेतात.

त्या हिवाळ्यात इकुकोनं चिदोरी नावाच्या बाहुलीचा हातानं केलेला नमुना पाठवला. इकुको पूर्वी याच्याच कारखान्यात होती. तिनं नोकरी सोडून स्वतःचं बाहुल्यांचं छोटं काम काढलं. यालाही बोलावलं होतं. हा विचार करत बसला, तोवर तिनं दुसरी माणसं घेतली. चिदोरी म्हणजे एका जुन्या चित्रपटातली न्हाणीघराच्या धुरांड्यावर चढणारी पोर. टोकावर एका पायावर उभी राहते, हातात झाडू, गालावर काजळी. लहानपणी यानं तो चित्रपट आमच्याच गल्लीतल्या थिएटरात पाहिला होता. तिची बाहुली आजवर कुणी केली नव्हती.

या धंद्याची रीत अशी, की आधी गिऱ्हाइकांनी मागणी नोंदवायची, मग साचा कापायचा, आणि बाहुली हातात यायला वर्ष लागायचं. महिनाअखेर पुरेशा मागण्या आल्या नाहीत तर साचा कापायचा नाही, आणि चिदोरी बारगळली तर इकुकोचं कामही बंद, असं तिनं फोनवर सांगितलं. "तुझ्या शब्दावर अडलंय," म्हणाली.

आता हिवाळ्यात उन्हाळा कुठून आणायचा?

तेव्हापासून त्याला चैन पडेना. जिन्यावरून खाली यायचा, माझा चहा अर्धा प्यायचा, पुन्हा वर जायचा. आंघोळीला बसला तर अंग तापायच्या आत उठायचा. वरवर बघून बाहुलीचं कौतुक करणं सोपं होतं, आणि ती सुंदर होतीच. मी पाहिली ना. एक मोजा घसरलेला, झाडू धरलेली बोटं थंडीनं लाल. पण घोटा फार बारीक होता.

"आजी, बंबाच्या खोलीत एक फळी लावू?" त्यानं एका दुपारी विचारलं.

"तिला आंघोळ घालतोस?"

"ऑगस्ट दाखवतो."

बंबात मी अजून लाकडंच घालते, त्यामुळे खोली तापलेली असते. त्यानं भिंतीवर तापमापक टांगला, वरच्या खोलीत ऑगस्टमध्ये असते तेवढीच ऊब येईपर्यंत फळी मागेपुढे केली, शेजारी दोरा सोडला. मग रोज कामावर जाताना बघायचा, आल्यावर बघायचा, मी लाकूड टाकायला गेले तर माझ्या मागे येऊन बघायचा. "दार उघडं टाकू नका, आजी." "तिकडे तोंड करून खोकू नका, आजी." मी माझ्याच बंबाच्या खोलीत चोरासारखी वावरत होते.

आठवडा सरत आला आणि चिदोरीचं नाक दोऱ्याला लागलं.

त्यानं इकुकोला फोन केला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघर उघडायच्या आधीच ती आली. कोट न काढता फळीसमोर उभी राहिली.

"कुणाच्या घरात बंब असतो?" ती म्हणाली.

"ऑगस्ट सगळ्यांच्या घरात असतो."

"नाहीतरी तू उशिराच लिहितोस. महिना संपू दे, मग लिही. कोणी काही म्हणणार नाही."

खरंच कोणी काही म्हटलं नसतं. मी वाडग्यात मुळा-अंड्यांचं गरम ओदेन वाढलं, वर सुक्या मासळीची पूड घातली. दोघांनीही तोंड लावलं नाही. मी दोन्ही वाडगे संपवले, अन्न टाकवत नाही मला.

"मी तिला पहिल्यांदा पाहिली तेव्हा सात वर्षांचा होतो," तो शेवटी म्हणाला. "ज्यांनी तेव्हा पाहिली तेच मागणी नोंदवणार. त्यांच्या कपाटात ती पडलेली मला नको."

"आणि मी पडले तर?"

एवढं म्हणून ती निघून गेली.

संध्याकाळी त्यानं मला वाचून दाखवलं. मोज्याबद्दल लिहिलं होतं, लाल बोटांबद्दल लिहिलं होतं, काजळी पुसावीशी वाटते असं लिहिलं होतं. आणि शेवटी, घोटा कच्चा आहे, ती कलते. वाचताना पाय हलवत होता.

"टाकू, आजी?"

"मला विचारून कधी टाकतोस?"

त्यानं टाकलं. मागण्या थांबल्या. इकुकोचा फोन येईना. हा टपालवाल्याची वाट बघत दारात उभा, कारखान्याला उशीर. मी म्हटलं, अरे, आत ये, गिऱ्हाइकांना वाटेल न्हाणीघराला पहारा बसला.

मग एक पुडकं आलं. आत चिदोरीचा नुसता पाय, घोट्यातून पोलादाची सळई गेलेली. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मुदत तिनं वसंतापर्यंत वाढवली होती, किंमतही थोडी चढवली होती. नव्या पायावरची चिदोरी पुन्हा बंबाच्या खोलीत गेली, आणि या वेळी दोऱ्यापासून हलली नाही. त्यानं तेही लिहिलं. काहींनी चढलेली किंमत बघून नावं काढून घेतली. तरी साचा कापण्यापुरत्या मागण्या जमल्या, जेमतेम.

तीच चिदोरी खऱ्या उन्हाळ्यात माझ्या गल्ल्यावर उभी होती, आंघोळीनंतर प्यायच्या दुधाच्या बाटल्यांशेजारी. ऑगस्टात इकुको आली. आल्या आल्या तिनंही डोळा बारीक केला.

"सरळ आहे," ती म्हणाली. "आता तरी दोरा काढ."

"ऑगस्ट संपला नाही अजून," तेत्सुहिको म्हणाला, आणि वाकून पुन्हा बघू लागला.

"थंडीच्या आत संपवा," मी म्हटलं. "मला कोटाचं बटण परत हवंय."