पाच गाड्या आणि सातपुड्यातले रविवार

ऑफिसात जेवणाचे डबे उघडले की कुणीतरी हमखास म्हणतं, "तुमच्या त्या बाइकवाल्या ग्रुपचा एखादा किस्सा होऊन जाऊ द्या." आणि मी सांगतो. चार वर्षांत इतके साठलेत की एकाला हात घातला की मागून दुसरा निघतो. पूर्वी मी ते हसवायला सांगायचो. हल्ली सांगता सांगता लक्षात येतं, समोरचे हसताहेत आणि माझा घास तसाच हातात आहे.

आम्ही पाच जण. प्रशांत, जळगावात त्याचे केमिस्ट्रीचे क्लासेस. सगळ्यात भारी गाडी त्याची, म्हणून लीडर तोच. विलास, भडगावकडे शाळेत मास्तर. कैलास धुळ्याचा, विजेच्या सामानाचं दुकान. तो शनिवारी संध्याकाळीच माझ्याकडे मुक्कामाला यायचा. सावद्याचे नाना, साठी ओलांडलेले, घरची केळी, आणि गाडी स्वतःच्या लग्नाच्या वेळची. आणि मी, पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. होळीच्या आधीपासून चैत्र संपेपर्यंत दर रविवारी जंगल, बहुतेक वेळा सातपुडा. गाड्या पाड्यावर लावायच्या आणि आत पायी. पुढे ऊन आम्हाला सोसायचं नाही. तिथे राहणाऱ्यांचं काय, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

*

पहिलीच ट्रिप. प्रशांतला मोबाइलवर एका धबधब्याचा फोटो सापडला होता. पांढराशुभ्र, भोवती हिरवंगार. एकसारखे टी-शर्ट घालून आम्ही निघालो, नशिराबादला चहा घेतला, पाड्यावर गाड्या लावल्या आणि दोन तास चाललो. पळस पेटलेला, पायाखाली वाळलेला पाचोळा. शेवटी एक काळा कोरडा कडा आला आणि वाट संपली. खाली सावलीत एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता.

"बाबा, धबधबा कुठे आहे?" प्रशांतने विचारलं.

त्याने काठीने कडा दाखवला. "हाऊ काय, समोर."

"अहो, पण पाणी?"

"धबधबा शे," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पानी आखाडमा येस."

परतीच्या वाटेवर आम्ही त्याची नक्कल करून हसलो. संध्याकाळी प्रशांतने तोच डाउनलोड केलेला फोटो आमच्या पाचांच्या नावानिशी टाकला. पुढच्या रविवारी माझ्या मेव्हणीच्या ओळखीतलं एक कुटुंब दोन लहान लेकरांना घेऊन तिथवर चालत गेलं. परतल्यावर त्या घरातल्या बाईंनी मला फोन केला.

मी म्हटलं, "अरेरे. गेल्या आठवड्यात होतं हो पाणी."

*

त्याच वर्षी चैत्रात एका डोंगरावर आमचं पाणी संपलं. माथ्याजवळ दोनच झोपड्या. एका झोपडीतल्या आजोबांनी काही न विचारता पाण्याने भरलेला हंडा बाहेर आणून ठेवला. आम्ही पोटभर प्यालो. बाटल्या भरल्या. मग तोंडं धुतली. कैलासने हेल्मेटची काच धुतली, कारण धुळीने त्याला पुढचं दिसत नव्हतं. विलास म्हणाला, "शहरात कोण देईल असं? माणुसकी बघायची तर इथे." आजोबांनी रिकामा हंडा उचलला आणि मागच्या बाजूने कुठेतरी निघून गेले.

आम्ही दुपारभर झाडाखाली लोळलो आणि उन्हं कलल्यावर उतरायला लागलो. अर्धा डोंगर उतरलो तेव्हा आजोबा वर चढताना दिसले. डोक्यावर तोच हंडा, भरलेला. नदीच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झिऱ्यातून ते पाणी आणत होते. वाटी-वाटीने हंडा भरायला लागणारा वेळ वेगळा आणि वर चढायचा वेगळा. सकाळी आम्ही त्यांचं दिवसाचं पाणी संपवलं होतं, हे मला तिथे कळलं. इतरांनाही कळलं असणार.

मग प्रशांतच म्हणाला, "आजोबा, थोडं मिळेल का अजून?"

आजोबांनी हंडा उतरवला. धापा टाकत, खाली नदीकडे हात करत म्हणाले, "प्या. खाल्ते शे आजून."

आणि आम्ही प्यालो.

*

विलासने एकदा बायकोला आणलं. सुनंदावहिनी. पहाटे उठून त्यांनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा केला होता, पाच जणांना पुरून उरेल एवढा. त्यांचं माहेर डोंगराच्या पायथ्याचं, हे आम्हाला नंतर कळलं.

जंगलात एका झाडापाशी प्रशांत थांबला. त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं, पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं. ॲपने काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "नाही हो, हे चारोळीचं झाड आहे. आम्ही लहानपणी फळं खायचो."

प्रशांत हसला. "वहिनी, हे बाहेरच्या देशातल्या शास्त्रज्ञांनी बनवलंय. तुमची चारोळी बासुंदीत." सगळे हसले. विलासही हसला. पुढे अंजन आला, तेंदू आला, ॲप एकेक नाव ठोकत राहिलं, आणि वहिनी पदर डोक्यावर घेऊन मागून चालत राहिल्या. जेवताना मात्र प्रत्येकाला आग्रह करून वाढलं.

पुढे कधीतरी विलासने मला सांगितलं. भडगावपर्यंत वहिनी गाडीवर मागे बसून आल्या. घराचं कुलूप काढताना म्हणाल्या, "बाहेर तुम्ही इतके शांत असता, माहीत नव्हतं मला. घरात तर तुमचा आवाज फार असतो."

*

एका चैत्रात कैलास म्हणाला, दर वेळी मीच येतो, यंदा तुम्ही धुळ्याला या. तिकडच्या एका टेकडीवरच्या कुरणात तो आम्हाला घेऊन गेला. गवत वाळून सोनेरी झालेलं, गुडघ्याएवढं. कैलासला तीन दगडांच्या चुलीवरचाच चहा हवा होता. झाला चहा, निघायची वेळ झाली. विलास म्हणाला, "निखाऱ्यांवर पाणी ओता रे." प्रशांत म्हणाला, "पाणी प्यायला ठेव," आणि बुटाने थोडी माती सारली.

खाली हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी आली तेव्हा टेकडीवर धूर दिसला. पाचही जणांना दिसला. नाना म्हणाले, "कोनी तरी जाऊन पाहा रे भो."

"वणवा असेल. या दिवसांत लागतोच," प्रशांत म्हणाला.

भाकरी गरम होत्या. आम्ही जेवलो. हात धुवायला उठलो तेव्हा अर्धी टेकडी काळी झाली होती आणि वरून दोन माणसं गुरं हाकत पळत खाली येत होती.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. अज्ञात समाजकंटकांनी आग लावली, गुरांचा चारा गेला. कैलासने ते कात्रण आमच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "असल्यांना भर चौकात फटके मारले पाहिजेत." त्याला खरंच कळलं नव्हतं की कळून न कळल्यासारखं केलं होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

त्या मेसेजवर तीन अंगठे आले. एक माझा होता. नानांना अंगठा पाठवता येत नसावा, असं आम्ही धरून चाललो.

*

नानांचंच सांगतो. त्यांचा मुलगा पुण्याला. या वयात गाडी चालवायची नाही, अशी त्याने घरात सक्त ताकीद देऊन ठेवलेली. म्हणून नाना रविवारी सकाळी भजनाला जातो म्हणून निघायचे. टाळ पिशवीत, गाडी आणि हेल्मेट शेजाऱ्याकडे.

तिसऱ्या वर्षी एका उतारावर खडीवरून त्यांची गाडी घसरली आणि खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्यांनी मुलाला फोन केला, "मंदिराच्या पायरीवरून पडलो." मुलगा आला, त्याने पायरीही पाहिली नाही आणि बापाला काही विचारलंही नाही. नाना पट्ट्यात असतानाच गाडी विकून टाकली आणि पुण्याला परत गेला.

खांदा भरून आल्यावर नाना आमच्याकडे आले. "मी मांगे बसतो," म्हणाले. "मले चालवू नका देऊ. फक्त घेऊन चला."

प्रशांत म्हणाला, "नाना, मागे कुणाला बसवायचं नाही असा ग्रुपचा नियम आहे. उद्या काही झालं तर तुमचा मुलगा आम्हाला धरेल."

असा काही नियम नव्हता. सुनंदावहिनी बसूनच आल्या होत्या. माझी मागची सीट रिकामी असायची, तिच्यावर मी बॅग बांधायचो.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता सावद्याच्या फाट्यावर नाना उभे होते. डोक्यात हेल्मेट, हातात एक डबा. प्रशांतने न थांबता दोनदा हॉर्न वाजवला. कैलास गेला, विलास गेला. मी शेवटचा. नानांनी हात वर केला, तो थांबवायला की निरोपाला, ते ओळखण्याइतका वेळ मी घेतला नाही. मीही हात केला आणि निघून गेलो.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं, शिव्या देतील.

"काही नही रे भो," नाना म्हणाले. "भरीत केलं होतं, पाच जनांचं. म्हटलं, तुम्ही थांबसान."

*

आता हा शेवटचा. हा मी डबा खाताना सांगत नाही.

गेल्या वर्षी फाल्गुनात एका पाड्याजवळ सकाळी मोहाच्या झाडाखाली सासू-सून फुलं वेचत होत्या. प्रशांतने गाडी थांबवली आणि मोठा कॅमेरा काढला. "आजी, सुनेच्या टोपलीवर हात ठेवा. इकडे बघा. हसा." म्हातारी हसली, एकही दात नसलेलं हसू. सुनेने विचारलं, फोटो आम्हाला देणार का. तिची घरची बोली वेगळी, आमच्याशी ती अहिराणीत बोलायची. प्रशांत म्हणाला, "पुढच्या खेपेला नक्की."

यंदा मार्चमध्ये आम्ही त्याच वाटेने गेलो. झाडाखाली सून एकटीच होती. आम्हाला पाहिल्यावर हातातली टोपली ठेवून सरळ प्रशांतच्या गाडीपाशी आली.

"फोटू लयनात का?"

"कुठला फोटो?"

तिने सांगितलं. सासू पावसाळ्यात गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. त्या दिवशी काढला तेवढाच. प्रशांतने मोबाइलवर बोट फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "फोन बदलला ना, ताई. जुने सगळे उडाले." ती बरं म्हणाली आणि परत फुलं वेचायला बसली.

एक एप्रिलला माझ्या बायकोने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं पान उलटलं. कॅलेंडर प्रशांतच्या क्लासेसचं, दरवर्षी तो सगळ्यांना वाटतो. एप्रिलच्या पानावर त्या दोघी होत्या. वर लाल अक्षरांत 'यशाची शंभर टक्के खात्री', खाली तारखा.

मी प्रशांतला फोन केला. तो म्हणाला, "अरे हो, तोच. झकास आलाय ना?"

"अरे, त्या बाईला हवा होता. मला पाठव, मी धुऊन देतो."

"बघतो," तो म्हणाला. चार दिवस त्याने बघितलं नाही. मी पुन्हा फोन केला तर म्हणाला, "एवढ्यासाठी कुठे जातोस रे या उन्हात?"

रविवारी मी पान फाडलं, गुंडाळी केली आणि एकटाच गेलो. ती झोपडीच्या दारात बसली होती. मी पान दिलं. तिने ते मांडीवर पसरलं आणि बराच वेळ पाहिलं. सासूच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय.

"ते शिकवणीचं आहे," मी म्हटलं. "तुमचं काही नाही त्यात."

ती आतून विळा घेऊन आली. पान दुमडून आधी खालच्या तारखा कापल्या. मग वरची अक्षरं. राहिल्या दोघी. मला वाटलं, झालं. पण तिने विळ्याचं पातं दोघींच्या मध्ये धरलं. सासूचा हात सुनेच्या टोपलीवर होता. तो तुटू नये म्हणून तिथे तिने विळा वळवून घेतला, टोपलीची कड सासूकडे राहू दिली, आणि मग सरळ खालपर्यंत कापत नेलं.

"अहो, तुम्ही स्वतःला कशाला कापलं?" मी म्हटलं. "दोघी छान दिसत होत्या."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"भीतवर लावनं शे," ती म्हणाली. "मी ते आजून जित्ती शे."