धुतलेला बेल

सांगते, पण आधी हातातले कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या नणंदेने चहा साडीवर सांडून घेतला होता.

आमची गौरी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. केमिस्ट्री घेतलेल्या तिच्या मैत्रिणी रोह्याला कंपनीत लागल्या. आमची कन्या मात्र पेणच्या घरामागे गवतात वाकून तासन्‌तास काहीतरी बघत असायची. शेजारच्या मथूआत्या कुंपणावरून विचारायच्या, "काय गो, किडं बघायचा पगार कोन देनार हाय पोरीला?"

मला उत्तर येत नसे. म्हणून मी सोळा सोमवार धरले. आपल्याला उत्तर येत नाही ते महादेवावर सोपवायचं, ही माझी पद्धत.

आणि बघा, व्रत अर्ध्यावर असतानाच बोलावणं आलं! रोह्याचा पूल ओलांडून अष्टमी गावात शाळेच्या मुलांसाठी कुणी फुलपाखरांची बाग उभी करत होतं. मुलांना समजावून सांगायला माणूस हवा होता. येताना जिवंत नमुना आणा आणि आम्हालाच मुलं समजून शिकवा, असा निरोप होता. हे नमुन्याचं गौरीने मला सांगितलं असेलही. पण आदल्या दिवशी माझं सगळं लक्ष पूजेच्या तयारीत.

मुलाखतीचा दिवस म्हणजे नेमका श्रावणातला सोमवार. सकाळी गौरी आंघोळीला गेली. ओट्यावर तिचा डबा, वर पातळ फडकं बांधलेलं. मी सहज उघडून बघितलं. आत काय असावं? बेल! ताजा, तीन पानांचा, हिरवागार.

डोळेच भरून आले हो. माझ्या उपासांना हसणारी मुलगी, आणि तिने माझ्यासाठी बेल आणून ठेवावा?

पण नीट बघते तर जवळजवळ प्रत्येक पानावर पाखराची शीट. तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, ओली चकचकीत. शिकलेल्या मुलींना बेल निवडून आणायचं भान कुठून असणार? असला बेल पिंडीवर वाहायचा का, तुम्हीच सांगा.

मी बादलीत पाणी घेतलं. पानन्‌पान बुडवून, फडक्याने हलक्या हाताने पुसून लख्ख केलं. पाणी नेहमीसारखं परसातल्या कढीपत्त्यावर ओतलं आणि बेल घेऊन मथूआत्यांबरोबर देवळात गेले. वाटेत त्यांना ऐकवलंसुद्धा, की सायन्स शिकली तरी पोर देवाला विसरली नाही. बेल वाहिला, आणि गौरीला ही नोकरी लागू दे म्हणून डोळे मिटून उभी राहिले.

परत येते तर गौरी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आई, यातल्या अळ्या कुठे गेल्या?"

"अळ्या कसल्या? शीट होती नुसती. मी धुतली."

तिने डबा खाली ठेवला. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. लिंबावर, बेलावर वाढणाऱ्या एका फुलपाखराची अळी लहान असताना अगदी पाखराच्या शिटेसारखी दिसते. पक्षी जवळ येतो, घाण समजून निघून जातो आणि अळीचा जीव वाचतो.

श्रावणी सोमवार, कडक उपास, आणि माझ्या हातून जीवहत्या? शिवाय ज्या नोकरीसाठी व्रत, तीच मी बादलीत बुडवली. महादेवाने तरी काय करावं?

देवळातून माझ्याबरोबरच आलेल्या मथूआत्या मात्र शांत. "पानी कुठं वतलंस गो?"

आम्ही तिघी कढीपत्त्याकडे धावलो. गाडीला फार वेळ नव्हता. मी एकेक डहाळी उलटून बघितली आणि हताश होऊन म्हटलं, "नाही गं, इथे काही नाही. इथेही मेल्या पाखरांनी घाणच करून ठेवलीय."

"आई," गौरी हळूच म्हणाली, "हात मागे घे."

घाण चक्क पान खात होती! पाण्याबरोबर खालच्या पानांवर पडलेल्या काही अळ्या सुखरूप होत्या. कढीपत्ताही चालतो म्हणे त्यांना. गौरीने काडीने एकीला जरासं डिवचलं, तर डोक्यातून इवलंसं नारिंगी शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. इतकी वर्षं फोडणीला हीच पानं खुडते मी. हे सगळं कधी दिसलंच नव्हतं? "ही आता फुलपाखरू कधी होणार? शिंग मग कुठे जातं?" मी विचारत सुटले. गौरी डहाळीसकट अळ्या डब्यात घालून स्टेशनकडे पळाली.

संध्याकाळी ती हसत घरी आली. नोकरी लागली होती. मुलाखतीत तिथल्या मोठ्या सरांनी विचारलं होतं, की या सोंगाला खरंच कोणी फसतं का, की नुसतं पुस्तकात असतं? मग तिने सकाळची हकिकत सांगितली. सगळी.

पुढे मी पेढे घेऊन बाग बघायला गेले. सरांनी उठून नमस्कार केला, पेढा घेतला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "काकू, पक्षी या अळीला फसतात हे आम्हाला माहीत होतं. पण एकाच सकाळी दोनदा फसलेला पक्षी आम्ही अजून बघितलेला नाही."