दूध परत करणारा पैलवान

या गं, या रे, जरा जवळ सरका. लांबूनच "वाईट झालं हो" म्हणायचं आणि वाटेला लागायचं, ही कुठली रीत? माझा भाऊ गणपत पैलवान गेला त्याला महिना होऊन गेला, आणि भेटेल तो मला त्याच्या कुस्त्याच सांगतोय. अमक्याला ढाक लावून पाडला, तमक्याला घिस्सा मारला... त्या कुस्त्या तुम्ही बघितल्यात, तुमच्यापाशीच असू द्यात. मी त्याचं पुढचं सांगते, जे बघायला तुमच्यातलं कुणी फारसं आलं नाही. रागानं नाही म्हणत. रागवायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते आता कुठून आणू?

निरोप आला तेव्हा मी बारामतीत आमच्या परसात शेवग्याच्या शेंगा निवडत होते. माझ्या माहेराहून, वरकुट्याहून माणूस आला, दारातच थबकला, पाणीसुद्धा मागेना. मी काय ते समजले.

गणपत माझ्या पाठचा. वरकुट्याचा पैलवान म्हणजे गावानं पोसलेला. तिथली रीतच तशी, पैलवानाला दूध गाव देतं. आज या घरचा तांब्या, उद्या त्या घरचा. म्हैस व्याली की चीक देवाला आणि त्यानंतरचं दूध पैलवानाला. गुऱ्हाळ लागलं की पहिल्या काहिलीतली काकवी त्याच्याकडे. त्याच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, हे लहान लेकरालाही कळायचं. आणि तोही त्या दुधाला जागला. जत्रेत त्यानं समोरच्याची पाठ मातीला लावली की म्हाताऱ्या म्हणायच्या, "बघ, माझ्या म्हशीचं दूध कसं उभं राहिलंय!"

चाळिशी उलटली आणि अंग कुरकुरायला लागलं. एका जत्रेत उजवा गुडघा फिरला. हाडवैद्यानं ओढून बसवला, पण पहिल्यासारखा काही झाला नाही. ओट्याच्या पायऱ्या चढायच्या तर खांब धरावा लागे. मग वहाणेनं अंगठा सोलला, ती जखम भरेना. तहान अशी की माणूस रांजणापाशीच बसलेला. मांड्या उतरल्या, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. गाव घाबरलं... आपला पैलवान वाळला! एका तांब्याचे दोन झाले, दुधात तूप पडलं, काकवीची घागर आली. मायेनं जितकं पाजावं तितका तो वाळत गेला.

शेवटी सोनानं, त्याच्या बायकोनं, त्याला गाडीत घालून माझ्याकडे आणला. इथल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि स्वच्छ सांगितलं, "पैलवान, तुम्हाला मधुमेह आहे. गूळ, काकवी बंद. दुधाचे तांबेही बंद. नाहीतर हा पाय जाईल, आणि पायामागून तुम्ही."

घरी येऊन हा ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "आक्का, त्या डाक्टरला कुस्तीतलं काय कळतंय? दूध माघारी धाडलं तर मी पैलवान कशाचा?"

"गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय उठता येईना, आणि म्हणे पैलवान!"

"तुला न्हाय कळायचं त्ये."

आतून सोना बोलली, "वन्सं, त्यास्नी सांगा, मला पैलवान नगं. दारात बसून खोकणारा म्हातारा असंल तरी चालंल."

तसा तो हसला. पण ते हसणं दमलेल्या माणसाचं होतं. आखाड्यात पडायला तो कधी भ्याला नाही हो. पण तांब्या परत करायचा म्हणजे कुस्ती न धरताच पाठ टेकायची. त्यासाठी त्याला बरेच दिवस लागले, आणि तेवढे दिवस तो दूध पीतच राहिला.

पुढच्या जत्रेत आखाड्याचा नारळ फोडायचा मान त्याला दिला. आम्ही बायका आखाड्याकडे जात नाही, देवळाच्या कट्ट्यावरून ऐकत होतो. नारळ फुटला, हलगी थांबली, आणि याचा आवाज आला, "मंडळी, तुमचं दूध लई प्यालो. आता माझ्या वाटणीचं तालमीतल्या पोरांना घाला. माझ्या दारात तांब्या आणू नगा."

कुणी तरी तात्या कळवळून म्हणाले, "पैलवान, आमचं काय चुकलं का रं?"

"न्हाय तात्या. माझंच अंग माझं ऐकंना."

त्यानंतर ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, एवढ्यावर तो राहिला. तहान उतरली, जखम सुकू लागली. मला वाटलं, वाचला. पण दार ओस पडलं. तांब्या न्यायचा नाही, मग जायचं कसं? रिकामे हात घेऊन पैलवानाच्या दारात? लोक लाजून, त्याचं दार चुकवून, ओढ्याकडच्या वाटेनं जाऊ लागले. वाईट कुणीच नव्हतं. मी जायची तेव्हा हा अंघोळ करून, पटका बांधून ओट्यावर बसलेला असायचा, नजर वाटेवर. एकदा म्हणाला, "आक्का, म्या दूध थांबवलं व्हतं. मानसं न्हवती थांबवली."

मी पदरानं त्याच्या पायावरच्या माश्या हाकलत बसले.

मग जखम पुन्हा चिघळली, ताप चढला आणि तो गेला. पाय उशिरानं सांभाळला म्हणायचं, की माणसाला माणूस मिळालं नाही म्हणायचं, मला ठरवता येत नाही. ठरवून तरी काय करू?

परवा वरकुट्याला जाऊन आले. सोना अजून सकाळी ओटा झाडते आणि घोंगडी पसरते. मी म्हटलं, "कशाला गं आता?" तर म्हणाली, "कुणी आलं तर बसाया नगं का?"

म्हणून म्हणते, वरकुट्याला जा. उन्हं वाढायच्या आत जा, तिच्यापाशी घटकाभर बसा, त्या सगळ्या कुस्त्या तिला सांगा. आणि जाताना हातात काही म्हणजे काही नेऊ नका.