मेंढरं उठून गेलेलं रान

मी हसलो होतो. हे आधी कबूल केल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही.

सत्कार गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात होता. जनावरांच्या दवाखान्यात लसी टोचणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या माणसाची रहस्यकादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकाने छापली, याचं गावाला माझ्यापेक्षा जास्त अप्रूप होतं. बोरीच्या पलीकडचं हे गाव खरं तर माझं नाही. नोकरीत इथे आलो, पुढच्या बदल्या आसपासच होत गेल्या आणि बिऱ्हाड इथेच राहिलं. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. पण ही चूक मी कधी दुरुस्त केली नाही. न दुरुस्त करण्याची सवय तिथूनच लागली असावी.

शाल झाली, नारळ झाला, फेटा बांधून झाला. मग मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "डॉक्टर, हे समदं खरं हाय का वो? आपल्याच गावच्या हिरीतलं वाटायलंय मला."

लोक हसले आणि मग उत्तरासाठी थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. 'नाही, मी ते रचलंय' एवढंच म्हणायचं होतं. मी नुसता हसलो. त्या हसण्याचा अर्थ असा होत होता की मला बरंच माहीत आहे, पण सांगता येत नाही.

माझ्या हसण्याला वजन होतं, कारण कादंबरीतला खून विहिरीत होतो, आणि गावातल्या खऱ्या विहिरीवरच्या पंचनाम्याचा मी पंच होतो. चार वर्षांपूर्वी गावातला एक तरुण शेतकरी स्वतःच्या विहिरीत पडून गेला. शेतीची लाईट रात्रीची होती. मोटर चालू करायला गेला, ओल्या पायरीवरून घसरला, डोकं दगडावर आपटलं. पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा जवळ लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणून मला उभं केलं. मी सगळं वाचून सही केली. त्यात कुणाचा हात असल्याचं कुणालाही वाटलं नव्हतं.

त्या रात्री शेजारच्या रानात मेंढरं बसलेली होती. आमच्याकडे सुगी झाली की शेतकरी मेंढपाळाला बोलावून कळप रात्रभर रानात बसवतात. लेंडीखत जागच्या जागी पडतं, मेंढपाळाला ज्वारी मिळते. आमच्या भागात फिरणारा मेंढपाळ एकच, माझ्याच वयाचा. त्याची मेंढरं मी वर्षानुवर्षं टोचत आलो. सकाळी, काय झालं ते कुणाला कळायच्या आत, त्याची मेंढरं विहिरीजवळच्या हौदावर पाणी पिऊन गेली होती. पंचनाम्याच्या वेळी काळ्या मातीत सगळीकडे खुरंच खुरं होती. ते दृश्य माझ्या डोक्यात राहिलं. माणूस गेला होता आणि माझ्या डोक्यात खुरं राहिली, हेही लिहून ठेवतो.

कादंबरीला सात वर्षं लागली. दोन प्रकाशकांनी परत पाठवली. एकाने लिहिलं होतं की रहस्य पहिल्या चाळीस पानांत कळतं. मी ती मोडून पुन्हा बांधली, तेव्हा ही विहीर तिच्यात आणली आणि अडकलो. खुनी विहिरीपर्यंत गेला आणि परत आला, तर त्याचा माग कसा राहिला नाही? काळ्या रानात उंदीर गेला तरी दिसतो.

तो अडसर मेंढपाळानेच सोडवला. लसीकरणाचा दिवस होता. तो एकेका मेंढीचे कान धरत होता, मी सुई टोचत होतो. "डॉक्टर, तुमचं बुक कुठवर आलं?" हे तो दर वेळी विचारायचा. मी माझी अडचण सांगितली. तो खळखळून हसला.

"त्यात काय हाय एवढं? मेंढरं एकदा बसून उठली ना, की त्या रानात वाघ येऊन गेला तरी कळायचं न्हाई."

मी सुई ठेवली आणि लसीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर ते वाक्य लिहून घेतलं. तो वाकून बघत होता. "म्हंजी आता माझं बी नाव यायलंय का बुकात?"

"नाव नाही. पण तुमचं बोलणं येणार."

"येऊ द्या, येऊ द्या," तो म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता.

तर माझ्या कादंबरीत मेंढपाळ खून करतो आणि पहाटे स्वतःचाच कळप विहिरीभोवती फिरवून माग पुसून टाकतो. प्रकाशकाचा फोन आला. ते म्हणाले, "शेवट जबरदस्त आहे, असा माझ्या वाचनात नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती आनंदानेच.

सत्कारानंतर महिनाभराने ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली. दर वर्षी या दिवसांत मेंढपाळाला उसंत नसायची, एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात. या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही. उघड कुणी काही बोललं नाही. 'औंदा शेणखत टाकलंय', 'पोरगं नको म्हनायलंय', असं काहीबाही. एक दिवस तो दवाखान्यात आला. बरोबर आजारी जनावर नव्हतं. दारातच उभा राहिला.

"डॉक्टर, त्या बुकात माझं नाव हाय का?"

"नाही हो. शपथ."

"मंग लोक मलाच कामून बघायलेत?"

मी बसा म्हणालो, चहा सांगतो म्हणालो. तो बसला नाही. दोन दिवसांनी कळप घेऊन सेलूच्या बाजूला गेला असं कळलं.

मी पारावर गेलो. तिथे बसलेल्यांना सांगितलं की ते सगळं कल्पनेतलं आहे, मेंढपाळाचा काही संबंध नाही. ते एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाला, "समजलं डॉक्टर, समजलं. वकिलानं सांगितलं आसंल असं बोलायला." दुसरा म्हणाला, "आमी कुठं कुणाचं नाव घेतलं? तुमीच घ्यायलात." मी जितकं नाही म्हणत होतो तितका त्याच्यावरचा संशय पक्का होत होता. मी जन्मभर ज्या प्रकारची पुस्तकं वाचली त्यांत घाईने नाकारणारा माणूस नेहमी काहीतरी लपवत असतो. आता मीच तसा दिसत होतो.

घरी बायको म्हणाली, "सात वर्षं बसून खोटं लिहिलंत, ते सगळ्यांना खरं वाटलं. आता खरं सांगायला निघालात, तर कोण ऐकणार तुमचं?"

त्याच आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. पुस्तक खपत होतं. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर 'सत्य घटनेवर आधारित' असं टाकू का, असं ते विचारत होते. मी तिथल्या तिथे नाही म्हणालो असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." तीन दिवस मी खरंच विचार केला.

चौथ्या दिवशी त्या तरुणाची आई दवाखान्यात आली. ओटीत नारळ घेऊन आली होती. नारळ टेबलावर ठेवला आणि मी उठायच्या आत माझ्या पाया पडली.

"डॉक्टर, तुमी माझ्या छातीवरचा दगड काढला."

मला काही कळेना. ती जमिनीवरच बसली आणि सांगू लागली. "त्या रातच्याला तो झोपला व्हता. लाईट आली म्हनून म्याच उठवलं त्याला. जा बाबा, मोटर चालू करून ये म्हनलं. चार वर्षं झाली, म्याच लेकराला हिरीत ढकललं असं वाटायचं. आता कळलं, मारनाऱ्यानं मारला. म्या न्हाई."

मी प्रकाशकांना त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. पण त्याने काय होणार होतं? मेंढपाळाला सोडवायचं तर गावाला पटायला हवं होतं, आणि गावाला फक्त एकाच माणसाचं पटलं असतं, या आईचं. तिने आपल्या रानात मेंढरं बसवली असती तर कुणाची बोलायची हिंमत झाली नसती. पण तिला खरं सांगायचं म्हणजे तो दगड मी माझ्या हातांनी तिच्या छातीवर परत ठेवायचा. आठ दिवस मी तिच्या गल्लीने गेलो नाही. लांबच्या वाटेने दवाखान्यात जात राहिलो. एकदा मनात असंही आलं की मेंढपाळ काय, कुठेही कळप चारेल. असा विचार मी केला आहे.

शेवटी गेलो. ती ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं, "अक्का, ते पुस्तक मी रचलेलं आहे. तुमच्या मुलाला कुणी मारलं नाही."

तिने हातोडी खाली ठेवली नाही. "लोक म्हनतेत, तुमाला भ्या दाखवलंय कुनीतरी."

"कुणी नाही दाखवलं."

"मंग वाचून दावा मला. मला वाचता येत न्हाई. लोकानी सांगितलं तेवढंच ठावं हाय. समदं वाचून दावा."

पाच दुपारी मी तिच्या ओसरीवर बसून माझी कादंबरी वाचली. ती चिंचोके काढत ऐकायची. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या दोघीतिघी आपापल्या पाट्या घेऊन येऊन बसल्या. जे परिच्छेद लिहिताना मी स्वतःवर खूश झालो होतो, ते मोठ्याने वाचताना जीभ अडखळत होती. माझ्या कादंबरीतला मेलेला माणूस दारू पितो, भावकीत भांडणं लावतो. एकीने मध्येच विचारलं, "आगं, तुझं पोरगं कुठं पीत व्हतं?" अक्का म्हणाली, "गप, ऐकू दे."

पाचव्या दुपारी विहिरीचं प्रकरण आलं. कादंबरीतल्या इन्स्पेक्टरला विहिरीच्या काठावर शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या चपला सापडतात आणि तिथून त्याला संशय येतो. मी तेवढं वाचलं आणि तिचा हात थांबला.

"काय सापडलं?"

"चपला."

"मपलं लेकरू रानात चप्पल घालत नव्हतं," ती म्हणाली. "बांधावर बाभळीखाली काढून ठेवायचा. काळ्या आईत चप्पल घालून जाऊ नये म्हनायचा. त्या दिवशी बी तितंच व्हत्या. म्या सवता उचलून आनल्या."

मला पंचनामा आठवला. 'पायांत काही नाही.' ती ओळ मी वाचली होती, तिच्याखाली माझी सही होती. आणि कादंबरीला धागा हवा म्हणून मी त्याच्या पायांत चपला घातल्या आणि काठावर काढून ठेवल्या. मी त्या पोराला कधी ओळखतच नव्हतो. मला फक्त एक प्रेत हवं होतं.

"हा माझा पोरगा न्हाईच," ती म्हणाली. "डॉक्टर, तुमचं बुक लय खोटं हाय."

"हो अक्का."

तिने एक चिंच उचलली आणि न फोडताच पाटीत टाकली.

"म्हंजी म्याच धाडलं त्याला. पुन्ना म्याच."

मी म्हणालो की पाय घसरणं कुणाच्या हातात नसतं. तिने मान हलवली नाही. मी अजून काही बोलत होतो, तिने हाताने थांबवलं.

"पुरे. त्या धनगराला निरोप द्या. माझ्या रानात मेंढरं बसव म्हनावं."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल घेऊन निघालो. विचारत विचारत देवगाव फाट्याच्या पुढे एका पडीक रानात तो सापडला. कळप उन्हात माना खाली घालून उभा होता. मी निरोप सांगितला. तो माझ्याकडे न बघता काठीने ढेकूळ फोडत राहिला.

"अक्का सवता म्हनली?"

"हो."

"तुमी तर न्हाई ना रचलं?"

मी खिशातून फोन काढला, तिचा नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. तो पाठ फिरवून, लांब जाऊन बोलला. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. फोन देताना एवढंच म्हणाला, "येतो म्हनून सांगा."

तो आला. मेंढरं तिच्या रानात बसली. नंतर दोघा शेतकऱ्यांनी त्याला बोलावलं, बाकीच्यांनी अजून नाही. अक्का आता माझ्याशी बोलते, पण जनावरापुरतं. तिच्या शेजारणी सांगतात की ती पुन्हा रात्रीची उठून बसते.

दुसऱ्या आवृत्तीत 'सर्व काल्पनिक' अशी ठळक सूचना घाला, असं मी प्रकाशकांना लिहिलं. ते म्हणाले, "ती तर सगळेच घालतात. तिने उलट कुतूहल वाढतं." नवीन कादंबरी कधी देता, असंही विचारलं.

मागच्या आठवड्यात लसीकरण झालं. तो मेंढीचे कान धरत होता, मी सुई टोचत होतो. कळपात एक नवी काळी मेंढी होती. कुठून आणली, असं मी विचारलं. पूर्वी एवढ्यावर त्याने तासभर गोष्ट सांगितली असती.

"हाय अशीच," तो म्हणाला आणि दुसरी मेंढी पुढे ओढली.

मी रजिस्टरमध्ये आकडा भरला. मागचं पान उलटलं नाही.