रुळांखालून देव

एकादशीच्या सकाळी आण्णा रूळ ओलांडताना गाडीखाली गेले. त्यांच्या हातात विठोबा होता.

म्हैसूरच्या कडेचं आमचं स्टेशन लहान. पूर्वी एकच लाइन होती आणि फलाटाच्या टोकाला गेट. रुळांच्या दोन्ही अंगांना आमची मराठी घरं. दर एकादशीला भजन वेगळ्या घरी, आणि विठोबाची पितळी मूर्ती आधीच्या घरातून तिथे न्यायची, असा रिवाज. मूर्ती आण्णा, म्हणजे माझे वडील, नेत. ते शिंपी, उरलेल्या कापडातून त्यांनी देवाला अंगी शिवली होती.

मग दुसरी लाइन आली, विजेच्या तारा आल्या आणि गेट कायमचं बंद झालं. रुळांखालून सबवे काढला. आण्णा रोज त्यातूनच दुकानात जात. देवाला मात्र नेईनात.

"वरून गाडी जाते, गाडीत माणसांचे पाय. त्याखालून विठोबाला न्यायचं? आपलं ठीक आहे."

मग देवाला तिकीट काढून गाडीतच बसवा, असा टोमणा आईनं मारला. आण्णाही हसले.

तेव्हापासून आम्ही टाळ वाजवत सबवेतून जायचो, ते मूर्ती घेऊन वरून. पलीकडच्या पायऱ्यांशी भेटायचो. त्या दिवशीही डोक्यावरून गाडी गेली. सबवेत टाळ इतके घुमतात की दुसरं काही कळत नाही. आम्ही वर आलो आणि वाट पाहत राहिलो. मग फलाटावरच्या एकानं सांगितलं. ते एक गाडी जाईपर्यंत थांबले होते. ती जाताच निघाले, आणि दुसऱ्या लाइनवर दुसरी येत होती.

मूर्ती खडीत सापडली. कमरेवरचा एक हात वाकला होता.

पुढे कित्येक एकादश्या ती आमच्याच घरी राहिली. वरून न्यायची कुणाची हिंमत नव्हती, आणि खालून न्या असं आमच्या घरी येऊन कोण म्हणणार? एका एकादशीला आईनंच मूर्तीला अंगी घातली, पदराखाली घेतली आणि सबवेच्या पायऱ्या उतरली. मी मागे होते. मधोमध आलो तेव्हा वरून गाडी जाऊ लागली. आई थांबली. तिनं देवाच्या डोक्यावर तळहात धरला.

"ते वरून गेले," ती देवाला म्हणाली. "तू सुम्ने खालून चल."

सुम्ने म्हणजे गुपचूप. आमच्या बोलण्यात कानडी असंच येतं.

आता आईला पायऱ्या झेपत नाहीत, मूर्ती मी नेते. अंगी विरली आहे. गेटचा एक खांब अजून उभा आहे.