न्यायाधीशाच्या वहीतली गुरं

न्यायाधीश वारल्यावर त्यांचे कागद लावायचं काम मी हौसेने घेतलं, हे कबूल करतो. हा माणूस आयुष्यभर इथल्या, आखातातल्या या देशाच्या सरहद्दीकडच्या कोर्टात बसला आणि तिथेच वाळवंटात त्याने गाई पाळल्या. मुलांना दोन्हींत रस नव्हता. "कोर्टाचं एका बाजूला ठेवा, गाईंचं एका बाजूला," एवढं सांगून ती निघून गेली आणि न्यायाधीशाच्या जाब्रियातल्या घरात मी खोकी उघडत बसलो. इथेच शहरात, मिरकाबला, माझं टायपिंगचं दुकान आहे. लहानपणी रत्नागिरीच्या मदरशात गिरवलेल्या अरबीवर माझं पोट भरतं.

हौसेचं कारण राग. बारा वर्षांपूर्वी या न्यायाधीशाने कुडाळकडच्या एका गुराख्याला, मालकाचा गोठा टाकून पळाला म्हणून, देशाबाहेर काढलं होतं. परतीची वाट कायमची बंद. गावी त्याचं घर जोत्यावरच राहिलं. त्या कोर्टात दुभाष्या मीच होतो आणि तेव्हापासून मंगफला आपल्याकडच्या कामगारांच्या खोल्यांवर जेवताना हा अन्याय मी तिखटमीठ लावून सांगत आलो. न्यायाधीशाला शिव्या घालायला मला फार आवडायचं.

कागद काही दोन बाजूंना लागेनात. निकालाच्या पाठीमागे गाभण गाईंची यादी, गुरांच्या औषधाच्या चिठ्ठीवर साक्षीदाराचं म्हणणं. अशाच एका वहीत मला तो गुराखी सापडला.

कोर्टात तो एवढंच म्हणाला होता, "गुरां सोडून मी डाक्टराकडे गेलंय." गुरं सोडली, म्हणजे सकाळी दावी काढून चरायला लावली. कोकणात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी अरबीत 'तरक' म्हटलं. टाकून दिली.

वहीत न्यायाधीशाने लिहिलं होतं: 'टाकून जाणारा माणूस वासरं बांधून जात नाही. याने बांधली होती. दुभाष्याला विचारावं, टाकली की चरायला सोडली?' त्याखाली वेगळ्या शाईत: 'विचारलं. टाकली म्हणतो.'

विचारलं होतं खरं. भरल्या कोर्टात शब्द फिरवला तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, अशी मला भीती वाटली आणि मी म्हणालो, "टाकली, साहेब." ते मी सोयीने विसरलो होतो. आता स्वतःचीच किळस आली.

ते पान वर काढून मी गुराख्याला गावी फोन लावला. न्यायाधीशाची शंका त्याला मराठीत वाचून दाखवली. खालची ओळ वाचली नाही.

त्याच्या आवाजात राग नव्हता.

"म्हणजे साहेबाक कळला होता," तो म्हणाला. "मगे तू काय सांगलंस, भाई?"

"आठवत नाही," मी म्हणालो.