चामड्याला चामडं लागतं

"हात खाली," रमाकांत म्हणाला. "वर करायचे नाहीत. काही झालं तरी."

मी हात खाली सोडले. त्याने माझ्या तोंडावर मारलं.

आगाशीतल्या अण्णासाहेबांच्या बंगल्याचं अंगण. ओटीवर पाहुणे बसलेले. हातात चहाच्या बश्या. रमाकांत हा अण्णासाहेबांचा एकुलता एक मुलगा. मुंबईला कॉलेजात होता आणि तिथे बॉक्सिंग शिकत होता. सुट्टीत गावी आला की सराव बुडायचा. म्हणून त्याला कोणीतरी हवा होता. मारायला.

मी त्यांच्या केळीच्या वाडीत खताच्या पाट्या वाहत होतो. एकोणीस वर्षांचा होतो. माझा बाप आगाशीच्या बाजारात, अण्णासाहेबांच्याच जागेत एका टपरीत चपला शिवायचा. अण्णासाहेबांनी मला बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "तो घे. चांभाराचा आहे. दणकट आहे."

आतून त्यांची बहीण, आत्याबाई, ओरडली. "अरे, शिवशील त्याला! पुन्हा आंघोळ करावी लागेल."

अण्णासाहेब हसले. "हातमोजे आहेत ना. चामड्याला चामडं लागतं. त्यात विटाळ कसला?"

सगळी ओटी हसली. एका पाहुण्याला हसता हसता ठसका लागला. त्याला पाणी दिलं. माझ्या ओठातून रक्त येत होतं. मला कोणी पाणी दिलं नाही.

इंग्रज जायच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. वैशाखाचं ऊन. वाडीत मांडवावर सोललेली केळी सुकेळीसाठी वाळत घातलेली. त्या मांडवाजवळून जायची मला बंदी होती. माझी सावली पडली तर केळी बाटतात म्हणे. पण मारायला माझं तोंड चालत होतं. माझ्या बरगड्या चालत होत्या.

अकरा दिवस हे चाललं. रोज चार वाजता हाक यायची. मी पाटी खाली ठेवायचो आणि अंगणात जाऊन उभा राहायचो. पाचव्या दिवशी दात हलला. सहाव्या दिवशी पडला. त्याच ठोशात त्याच्या हातमोज्याची शिवण उसवली.

तो हातमोजा शिवायला कोणाकडे आला? माझ्या बापाकडे.

बा टपरीत बसला होता. त्याने मोजा उलटा केला. शिवणीत रक्त सुकलं होतं. त्याने रापीच्या टोकाने ते खरवडलं. मी समोर उभा होतो.

"बा, ते रगत माझं हाय."

"म्हाईत हाय," बा म्हणाला. त्याने दोऱ्याला मेण लावलं आणि आरी आत घातली. टाके बारीक घातले. एकसारखे. माझा बाप चांगला कारागीर होता.

मी विचारलं, "तुला काय वाटत नाय?"

"जागा त्यांची हाय," तो म्हणाला. वर बघितलंही नाही.

त्या दिवशी मला रमाकांतपेक्षा माझ्या बापाचा जास्त राग आला. हे मी लपवणार नाही.

अकराव्या दिवशी मी हात वर केला. मारायला नाही. फक्त तोंड झाकायला. रमाकांतची मूठ माझ्या कोपरावर आपटली आणि त्याचं मनगट लचकलं. तो कळवळला. अण्णासाहेब ओटीवरून खाली आले. "हात वर केलास?" म्हणाले. त्यांनी मला अंगणात नाक घासायला लावलं. तुळशीपासून फाटकापर्यंत. गुडघ्यांवर. पाहुणे बघत होते. वाडीतले गडी बघत होते. रमाकांत मनगट धरून बघत होता.

फाटकाशी पोचलो. उठलो. अण्णासाहेब म्हणाले, "उद्या चारला ये."

मी म्हणालो, "येणार नाय."

तेवढंच. त्या घरात मी उच्चारलेले पहिले दोन शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत सांडोरला गेलो. तिथे जुजेकाका राहायचा. किरिस्ताव. भाजीची वाडी करायचा. पण सगळ्या वसईला ठाऊक होतं की हा माणूस एके काळी मुंबईच्या गोदीतला बॉक्सिंगचा चॅम्पियन होता. त्याचा एक कान चेपून फुलकोबीसारखा झालेला. नाक वाकडं. तो वांग्यांना पाणी घालत होता.

माझं तोंड बघून त्याने विचारलं, "कोनी मारला?"

"मालकाच्या पोरानं."

"तू काय केलास?"

"हात खाली होते. तसा हुकूम होता."

"पडलास?"

"नाय."

"किती दिवस?"

"अकरा."

त्याने पाणी बंद केलं. माझ्याभोवती एक फेरी मारली. बैल पारखतात तसं बघितलं. "अकरा दिवस मार खाऊन पडला नाहीस," तो म्हणाला. "अर्धी बॉक्सिंग येते तुला. उरलेली अर्धी सोपी हाय."

त्याची बायको रोझामावशी. पहिल्या दिवशी तिने मला नारळाच्या करवंटीत चहा दिला. जुजेकाकाने करवंटीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. आपला कप माझ्यासमोर ठेवला आणि करवंटी स्वतः उचलली. दुसऱ्या दिवसापासून मला कप आला. देवळात असो की चर्चमध्ये, ही घाण सगळीकडे शिरलेली होती. पण तिने ती एका दिवसात काढली. अण्णासाहेबांना ती जन्मात काढता आली नाही.

चिंचेच्या फांदीला वाळू आणि भाताचा कोंडा भरलेलं पोतं टांगलेलं होतं. मी त्याला मारायचो. मारताना पोत्याला नाव द्यायचो. जुजेकाका ओरडायचा, "राग डोळ्यात ठेवू नको. समोरच्याला दिसतो. पायात ठेव."

मी कळंबच्या किनाऱ्यावर धावायचो. ओल्या वाळूत नाही, कोरड्या वाळूत. पाय रुतायचे. मासळी सुकवणाऱ्या बाया हसायच्या. हसू देत.

जुजेकाका स्वतःबद्दल फार बोलत नसे. तुकड्या तुकड्यांनी सांगायचा. गोदीच्या स्पर्धेत तो लागोपाठ तीन वर्षं शेवटच्या लढतीत हरला. दुसऱ्या वर्षी जबडा मोडला. कित्येक महिने पेजेवर राहिला. जबडा बांधलेला असतानाही पोत्यावर हात चालवत होता. चौथ्या वर्षी जिंकला. साहेबांनी त्याच्या हातात कप दिला, फोटो काढला, कप परत घेतला आणि आपल्या कपाटात ठेवला. मेजवानी होती. चॅम्पियनला ताट मिळालं ते तबेल्याच्या दारात.

"जेवलास?" मी विचारलं.

"नाय. ताट घोड्याला दिलं."

आणि एक गोष्ट त्याने मला घोटून घोटून शिकवली. "पडलास तर लगेच उठायचं नाय. पंच दहापर्यंत मोजतो. आठपर्यंत खाली राहा. श्वास घे. समोरचा कुठं उभा हाय ते बघ. नवाला उठ. घाईनं उठतो तो परत पडतो."

मी चार वर्षं खाली राहिलो. श्वास घेतला. समोरचा कुठे उभा आहे ते बघितलं.

जुजेकाकाच्या ओळखीने मला गोदीत हमालीचं काम मिळालं. पहिल्या वर्षी पहिल्याच लढतीत हरलो. भुवई फाटली. दुसऱ्या वर्षी शेवटच्या लढतीत हरलो. तिसऱ्या वर्षी गोदीचा चॅम्पियन झालो. लोकांनी खांद्यावर घेतलं. मला आनंद झाला नाही. मी ज्याच्यासाठी शिकलो होतो तो अजून समोर आला नव्हता.

मग एक दिवस पेपरात त्याचं नाव वाचलं. रमाकांत आता वकिलीच्या कॉलेजात होता आणि कॉलेजांचा चॅम्पियन होता. शहराच्या मोठ्या स्पर्धेत उतरणार होता. पण त्याचा वजनाचा गट माझ्यापेक्षा एक पायरी खाली होता.

मी खाली उतरलो. दीड महिना भात सोडला. अंगावर घोंगडी घेऊन भर दुपारी धावलो. हमाली करताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. जुजेकाका म्हणाला, "कशाला मरतोस? तुझ्या वजनात तू जिंकशील." मी कारण सांगितलं नाही.

तीन लढती जिंकून मी त्याच्यासमोर उभा राहिलो. पंचाने दोघांना मध्ये बोलावलं. रमाकांतने माझ्याकडे बघितलं. सभ्यपणे मान हलवली.

त्याने मला ओळखलं नव्हतं.

पहिल्या फेरीतच मला कळलं, याला मी पाडू शकतो. हनुवटी उघडी होती. मी तिथे मारलं नाही. बरगड्यांवर मारलं. पहिला दिवस. पोटात मारलं. दुसरा दिवस. दुसऱ्या फेरीत त्याचे गुडघे वाकले. तो पडणार होता. मी त्याला मिठीत धरलं, पडू दिलं नाही. लोकांना वाटलं, मी दमलोय. मी त्याच्या कानात म्हणालो, "अकरा दिवस." त्याला काही कळलं नाही. पंचाने आम्हाला सोडवलं. मी पुन्हा मारलं. आठवा दिवस. नववा. त्याच्या तोंडातून रक्त आलं, ते माझ्या छातीवर सांडलं. मी पुसलं नाही.

तिसऱ्या फेरीत मी त्याला पडू दिलं. पंचाने दहा मोजले. तो उठला नाही.

जुजेकाका खोलीत आला. माझ्या हातांच्या पट्ट्या सोडू लागला.

"दुसऱ्या फेरीत संपला होता तो," तो म्हणाला. "तू त्याला धरून उभा ठेवलास."

"हो."

"हे मी शिकवलं नाय तुला."

"नाय काका. हे त्यांनी शिकवलं."

पुष्कळ लोकांनी नंतर मला विचारलं, पश्चात्ताप झाला का? नाही झाला. मन भरलं का? तेही नाही.

पेपरात माझं नाव गावासकट छापून आलं, ते अण्णासाहेबांनी वाचलं. चौथ्या दिवशी आगाशीहून निरोप आला. बाची टपरी मोडली होती. अण्णासाहेबांच्या गड्यांनी पत्रे उचकटले, आरी, रापी, ऐरण रस्त्यावर फेकली. मी पोचलो तेव्हा बा बाजारात उकिडवा बसून धुळीतून खिळे वेचत होता. "तुझी कुस्ती झाली, माझी टपरी गेली," एवढंच म्हणाला.

गावातल्या चार शहाण्यांनी मध्यस्थी केली. माफी मागितली तर टपरी पुन्हा उभी राहील, असं ठरवून आले. बाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. बाने अंगणात शिरतानाच हात जोडले.

ओटीवर तीच माणसं. थोडी म्हातारी झालेली. रमाकांत खुर्चीत होता, एक डोळा मिटलेला, ओठ सुजलेला.

अण्णासाहेब म्हणाले, "आता कायदा झालाय. शिवाशिव राहिली नाही. आम्हीही मानत नाही. पण मर्यादा म्हणून काही असते. ह्याच्या पाया पड आणि विषय संपव."

मी म्हणालो, "मी याला का मारलं ते याने सांगावं. सांगितलं तर पाया पडतो."

सगळ्यांनी रमाकांतकडे बघितलं. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. मी ते बघितलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाला, "मला काही आठवत नाही. आमची ओळख आहे का?"

तो खोटं बोलत नव्हता. माझा दात, माझं नाक, माझे अकरा दिवस. त्याच्या डोक्यात त्यातलं काहीच नव्हतं. मला वाटलं होतं, आमचं वैर आहे. वैरालासुद्धा दोन माणसं लागतात. त्यांच्या लेखी माणूस एकच होता.

मग मी सांगितलं. मोठ्याने. फाटकाशी गडी जमले होते, त्यांनाही ऐकू जाईल असं. पहिल्या दिवसापासून. कोण कुठे बसलं होतं. कोण काय म्हणालं. ठसका कोणाला लागला, त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. आत्याबाई उठून आत गेली. मी आवाज वाढवला, आत ऐकू जावं म्हणून. अण्णासाहेब दोनदा म्हणाले, "पुरे." मी थांबलो नाही. नाक कुठून कुठपर्यंत घासलं, ते चालून दाखवलं.

संपलं. रमाकांतचा चेहरा पांढरा पडला होता. रिंगमध्ये माझ्या एकाही ठोशाने तो असा झाला नव्हता.

मी बाच्या तोंडाकडे बघितलं. जोडलेले हात त्याने कधी सोडले होते कोण जाणे.

"चल," बा म्हणाला. "विरारला टेसनाजवळ बसू."

आम्ही माफी मागितली नाही. बा शेवटपर्यंत विरारला रस्त्याच्या कडेला, उघड्यावर बसला. पावसाळ्यात गोणपाट डोक्यावर घ्यायचा. आगाशीत पुन्हा गेला नाही.

अण्णासाहेब वारले. रमाकांत वकील झाला. आता तो सभांतून बोलतो. समतेवर बोलतो, चांगलं बोलतो. जिथे त्याची सभा असते तिथे मी जातो. अर्नाळ्याला गेलो, सोपाऱ्याला गेलो, वसईला दोनदा गेलो. पहिल्या रांगेत बसतो. भाषण संपलं की उभा राहतो आणि अकरा दिवस सांगतो. कधी मला बाहेर काढतात. मी बाहेर उभा राहून सांगतो. लोक ऐकतात.

गेल्या वर्षी एका सभेनंतर तो एकटाच माझ्याजवळ आला. हात पुढे केला. म्हणाला, "मी चुकलो. लहान होतो. झालं गेलं विसरू या ना."

मी हात दिला नाही. विसरणं त्याला जमलं होतं, एकदा. आता नाही जमू देणार. त्याच्या बायकोला कळेल. त्याची मुलं मोठी होतील, त्यांना कळेल. त्याचा सत्कार होईल, त्या मांडवात मी असेन. मला त्याची जमीन नको, माफी नको. त्याने रोज आठवावं, एवढंच हवं.

आणि मी मेलो म्हणजे तो सुटेल, असं कोणी समजू नये. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला सगळं पाठ आहे.